दहाच्या तीन फेऱ्या



आपल्या गावातली कोणतीही व्यायामशाळा घ्या. लाल मातीची जुनी तालीम तिच्या शेजारी अजून उभी असो वा नसो, नव्याने नाव घातलेल्या मुलाला पहिल्या दिवशी जो मंत्र मिळतो तो बहुधा एकच असतो : ‘दहाचे तीन.’ म्हणजे वजन दहा वेळा उचलायचे, थोडे थांबायचे, पुन्हा दहा वेळा, पुन्हा थांबायचे आणि आणखी दहा वेळा. दंड असो, छाती असो की मांडी, मंत्र बदलत नाही. मुलगा निमूटपणे तसे करतो. दहाच का, तीनच का, असे तो विचारीत नाही. आणि विचारले तरी शिकवणारा बहुधा ‘तसेच असते’ एवढेच सांगतो. मला स्वतःला हेच उत्तर मिळाले होते. त्या वेळी मी गप्प बसलो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘तसेच असते’ हे उत्तर पचत नाही. कोणतीही गोष्ट तशीच नसते. ती कोणीतरी, केव्हातरी, कशासाठीतरी तशी केलेली असते. आज या एका आकड्याचा माग काढायचा आहे.

प्रथम दोन शब्द ठरवून घेऊ. जिममध्ये ज्याला ‘रेप’ म्हणतात त्याला मी उचल म्हणेन. सावकाराकडची उचल नव्हे. वजनाची एकदा वर-खाली केलेली हालचाल. आणि न थांबता केलेल्या अशा उचलींच्या गटाला, म्हणजे ‘सेट’ला, फेरी म्हणेन. तेव्हा आपला प्रश्न असा : दहा उचलींच्या तीन फेऱ्या आल्या कोठून?

वाढत्या वजनाने बळ वाढते ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीकांच्या क्रोटन नगरीत, ख्रिस्तापूर्वी सहाव्या शतकात, मायलो नावाचा प्रख्यात मल्ल होऊन गेला. त्याने लहान वासरू रोज खांद्यावर घेतले. वासरू वाढत गेले, त्याबरोबर मायलोही, आणि अखेर पूर्ण वाढलेला बैल त्याने उचलला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणून ती गोड आहे. पण तिच्यात एक बारकावा आहे, तो ध्यानात ठेवावा : वजन किती वाढवायचे हे मायलोच्या हातात नव्हते, ते वासराच्या हातात होते.

आपल्याकडच्या तालमीची वाट निराळी होती. जोर आणि बैठका यांत वजन म्हणजे स्वतःचे शरीर. ते आज जेवढे तेवढेच उद्या. मग प्रगती मोजायची कशाने? संख्येने. आज पन्नास जोर, महिन्याने शंभर, वर्षाने पाचशे. गळ्यात दगडी कडे घालून बैठका मारण्याचा किंवा जड मुद्गल फिरवण्याचा प्रघात होता, नाही असे नाही. तथापि पहिलवानाची कीर्ती ही त्याच्या आकड्याची कीर्ती असे. या पद्धतीने दम येतो, चिवटपणा येतो, कुस्तीला लागणारी अखंड ताकद येते. महाराष्ट्राने तिच्यावर पोसलेले मल्ल सर्वश्रुत आहेत. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कास्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. म्हणून मी तालमीला कमी लेखतो आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. एवढेच म्हणायचे आहे की तालमीत संख्या वाढे, वजन सहसा स्थिर राही.

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून जे ‘शास्त्रीय’ व्यायामाचे वारे आले, तेही याच जातीचे होते. युजेन सँडो हे त्या वाऱ्याचे नाव. त्याने टपालाने व्यायाम शिकवण्याचा मोठा धंदा उभारला. १८९७ च्या त्याच्या पुस्तकात कोष्टके होती : अमुक वयाच्या माणसाने हलके डंबेल्स घेऊन अमुक हालचाल इतक्या वेळा करावी आणि इतक्या दिवसांनी तीत एकाची भर घालावी. म्हणजे पुन्हा संख्याच वाढायची. सँडो स्वतः रंगभूमीवर प्रचंड वजने उचलीत असे आणि त्याचे शरीर जड लोखंडानेच घडले होते; लोकांना मात्र त्याने हलके लोखंड विकले. त्यात व्यापार किती आणि भाबडेपणा किती याचा निवाडा मी करीत नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोची सारी साधने आणि पुस्तके विकत घेतली आणि दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांचा त्यांनी केवढा प्रसार केला हे सर्वांना ठाऊक आहे. साधन गेले, पण मोजण्याची रीत तीच राहिली : नमस्कार किती घातले?

ही रीत मोडली ती एका साध्या वस्तूने. १९०२ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ॲलन कॅल्व्हर्ट याने वजन कमीजास्त करता येणारा लोखंडी बार बनवून विकायला काढला. कंपनीला त्याने नाव दिले मायलोचेच. त्यापूर्वीही जड बार होते. पण ते बहुधा एका ठराविक वजनाचे, सर्कशीतल्या आणि रंगमंचावरच्या बलवानांसाठी केलेले. सामान्य माणसाला एक तर ते हलत नसत, किंवा हलू लागले की पुढे काय हा प्रश्न पडे. आता वासराने किती वाढायचे हे माणूस ठरवू लागला. कॅल्व्हर्टची शिकवण अशी की थोड्या उचलींनी आरंभ करावा, त्या हळूहळू वाढवाव्यात, ठराविक संख्या गाठली की पाच पौंड चढवावे आणि उचली पुन्हा कमी कराव्यात. संख्या आणि वजन यांचा हा जो जिना आहे तो पुढच्या साऱ्या पद्धतींच्या मुळाशी आहे. मात्र विद्वानांच्या जगात या जिन्याला कवडीची किंमत नव्हती. वजने उचलण्याने हृदय ताणते, स्नायू आखडतात, माणूस सांड होतो पण चपळ राहत नाही, असे डॉक्टर आणि क्रीडाशिक्षक दोघेही सांगत. लोखंड ही अडाण्यांची करमणूक ठरली होती.

इथे आपल्या कथेचा खरा नायक येतो. त्याचे नाव टॉमस लॅनियर डीलॉर्म. जन्म १९१७, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातला. पोरवयात त्याला संधिवाताच्या तापाने गाठले. हा ताप हृदयावर घाव घालतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला अंथरुणाला खिळवले आणि पुढेही श्रम वर्ज्य सांगितले. अंथरुणात पडल्यापडल्या या मुलाने वजने उचलणाऱ्यांची मासिके वाचली, आणि उठता येऊ लागताच मिळेल ते लोखंड जमवून व्यायामाला लागला. डॉक्टरांचा सल्ला न मानणारा हा रोगी पुढे स्वतःच डॉक्टर झाला.

१९४४ साली तो शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटल या लष्करी रुग्णालयात होता. दुसऱ्या महायुद्धातले जखमी शिपाई तेथे रोज येऊन पडत. गुडघ्याच्या आणि मांडीच्या दुखापतींची संख्या मोठी. आपल्यापैकी ज्यांचा पाय कधी प्लास्टरमध्ये गेला असेल त्यांना सांगायला नको : प्लास्टर काढल्यावर आत जो पाय निघतो तो आपला वाटत नाही. मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघा सरळ करतो, तो काही आठवड्यांत झिजून जातो. हाड जुळलेले असते, जखम भरलेली असते, तरी जिना उतरताना गुडघा दगा देतो. अशा माणसांना त्या वेळी जे उपचार मिळत ते हलके होते : वाळूची छोटी पिशवी पायाला बांधून शेकडो वेळा हलवा, जागच्या सायकलीचे पॅडल मारा. आपण मघाशी पाहिलेली तीच रीत, वजन थोडे आणि संख्या फार. शिपाई महिनोन्महिने खाटेवर, आणि दारात नव्या जखमींची रांग.

डीलॉर्मने स्वतःच्या शरीरावर जे अनुभवले होते ते त्याने या दुबळ्या पायांवर लावून पाहिले. लोखंडी बूट करवून घेतला, तो पावलाला बांधला, त्याला वजने अडकवली आणि टेबलाच्या कडेला बसवून रोग्याला गुडघा सरळ करायला सांगितले. आणि येथे त्याने अशी एक गोष्ट केली की जिच्यासाठी मी त्याला नायक म्हणतो. किती वजन, हे त्याने पुस्तकावरून ठरवले नाही, वयावरून नाही, शेजारच्या खाटेवरच्या शिपायावरूनही नाही. जे वजन हा माणूस आज बरोबर दहा वेळा उचलू शकतो आणि अकराव्या वेळी उचलू शकत नाही, ते त्याचे माप. हे माप प्रत्येकाचे वेगळे आणि दर आठवड्याला नव्याने काढायचे. कोणाचे पाच पौंड, कोणाचे पन्नास. पण दोघांचे कष्ट सारखे. सँडोच्या कोष्टकात माणूस वयाच्या रकान्यात बसत होता. डीलॉर्मच्या वहीत प्रत्येक रोग्याला स्वतःचा रकाना मिळाला.

१९४५ मध्ये अस्थिशल्यचिकित्सेच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्याने निक्षून सांगितले की थोड्या वजनाच्या पुष्कळ उचलींनी दम वाढतो, भारी वजनाच्या थोड्या उचलींनी बळ वाढते, आणि एकाचे काम दुसरा करू शकत नाही. हा सिद्धान्त पुढे थोडा सैल करावा लागला, ते पुढे येईलच. पण त्या घडीला तो घणाघात होता. झिजलेल्या स्नायूला जपायचे नाही, त्याला त्याच्या मापाने राबवायचे, हे वैद्यकाला प्रथमच कोणी मोजमापासह सांगत होते.

आता आपला आकडा. १९४५ च्या निबंधात ‘दहाचे तीन’ नाही! तेथे आहेत दहा-दहा उचलींच्या सात ते दहा फेऱ्या, म्हणजे एकूण सत्तर ते शंभर उचली. वजन हलके घेऊन सुरुवात करायची आणि फेरीफेरीने चढवीत अखेर त्या दहाच्या मापाला पोचायचे. युद्धानंतर डीलॉर्म बॉस्टनला गेला. तेथे आर्थर वॉटकिन्स या डॉक्टरांबरोबर त्याने काम चालू ठेवले, आणि १९४८ मध्ये दोघांनी मिळून आपलीच पहिली पद्धत दुरुस्त केली. सत्तर ते शंभर उचली फार होतात, वीस ते तीस पुरतात, उलट संख्या कमी केल्याने वजन अधिक पेलते, असे त्यांनी लिहिले. दहा फेऱ्यांच्या तीन झाल्या. ज्याने नाव मिळवले त्यानेच तीन वर्षांत आपला आकडा एकतृतीयांशावर आणावा, हा प्रामाणिकपणा शास्त्रातही रोज दिसत नाही.

पण या तीन फेऱ्या कशा होत्या ते पाहा. समजा, एखाद्याचे दहाचे माप चाळीस पौंड आहे. पहिली फेरी निम्म्या वजनाची, वीस पौंडांची. दुसरी पाऊण वजनाची, तीस पौंडांची. तिसरी पुऱ्या चाळीसची. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या ही तयारी. कसोटी लागते ती एकट्या तिसऱ्या फेरीत. आज व्यायामशाळेत तीनही फेऱ्या एकाच वजनाने करणारे आपण बहुतेक जण डीलॉर्मच्या नावाने भलतेच काही करीत असतो. मंत्र राहिला, त्यातला अर्थ वाटेत गळाला. संख्या लक्षात ठेवायला सोपी असते. ‘तुझे माप काढ’ हे सांगणे कष्टाचे असते.

त्यातही दहा हा आकडा स्नायूच्या पोटातून निघालेला नाही. आठ वा बारा उचलींनी स्नायू रुसतो असा कोणताही निसर्गनियम नाही. दहा हा मोजायला सोयीचा, नोंद ठेवायला सोयीचा, आणि दुखऱ्या गुडघ्यावर एकदाच होणाऱ्या कमाल उचलीइतका घातक नसलेला आकडा. तो रुग्णालयाच्या सोयीतून आला आणि तेथून जगभरच्या व्यायामशाळांत गेला.

पुढे वादविवाद झाले ते उद्बोधक आहेत. ऑक्सफर्डच्या रुग्णालयातून झिनोविएफ यांनी १९५१ मध्ये कळवले की फेऱ्या चढत्या वजनाने केल्या तर भारी फेरीपर्यंत पोचता पोचता रोगी थकून जातो. तेव्हा भारी वजन आधी घ्यावे आणि मग उतरत जावे. चढावे की उतरावे यावर काही वर्षे वाद चालला, तुलना करून पाहिल्या, आणि फारसा फरक आढळला नाही. १९५४ मध्ये मॅक्क्वीन या ब्रिटिश वैद्याने अधिक मोलाचे काम केले. तो सरळ वजन उचलणाऱ्या मंडळींत गेला आणि ती काय करतात ते त्याने टिपले. त्याला दिसले की ज्यांना केवळ बळ हवे ते, आणि ज्यांना पुष्ट शरीर हवे ते, एका वाटेने जात नाहीत. पुष्टीसाठी दहाच्या मापाने अनेक सारख्या फेऱ्या. बळासाठी वजन चढवीत उचली उतरवीत जाणे. बळ आणि आकार ही जुळी भावंडे असली तरी एक नव्हेत, हा भेद येथे कागदावर आला.

त्याच सुमारास ‘आखडलेल्या स्नायूं’चे भूतही उतरले. स्प्रिंगफील्ड कॉलेजचे प्राध्यापक पीटर कार्पोविच हे वजनांचे टीकाकार. १९४० मध्ये त्यांच्या कॉलेजात जॉन ग्रिमेक हा पिळदार शरीराचा भारोत्तोलक प्रात्यक्षिकाला आला, तेव्हा त्यांनी त्याला भर सभेत विचारले की तुम्हाला आपली पाठ, दोन खांद्यांच्या मधोमध, खाजवता येईल का? सभा हसली. ग्रिमेकने एका हाताने खाजवून दाखवली, मग दुसऱ्या हाताने. कार्पोविच प्रामाणिक निघाले. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने वजने उचलणारे तीनशे आणि न उचलणारे तीनशे, अशा सहाशे जणांचा हात फिरवण्याचा वेग मोजला. १९५१ मध्ये निष्कर्ष आला की उचलणारे अधिक चपळ.

१९६२ मध्ये रिचर्ड बर्जर यांनी नऊ गट पाडून, एक ते तीन फेऱ्या आणि दोन, सहा, दहा उचली यांच्या साऱ्या जोड्या बारा आठवडे चालवून पाहिल्या. बळासाठी सहाच्या तीन फेऱ्या सरस ठरल्या. १९७० नंतर आर्थर जोन्सच्या यंत्रांबरोबर दुसरे टोक आले : फेरी एकच, पण अंगात काही उरेपर्यंत. या मतामतांच्या गलबल्यात तपशिलाने शिरण्याचे कारण नाही. मधल्या काळात शरीरशास्त्राने जे उलगडले ते अधिक महत्त्वाचे. स्नायू हा तंतूंचा बनलेला असतो आणि त्या तंतूंचे लहानमोठे गट मज्जातंतूंच्या हुकमतीत असतात. एल्वुड हेनेमन यांनी १९६५ मध्ये दाखवले की काम हलके असते तेव्हा लहान गट आधी कामाला लागतात. मोठे बलवान गट गरज पडली तरच उठतात. घरातल्यासारखेच आहे : हलक्या कामाला धाकट्यांना पिटाळतात, पोते उचलायचे झाले की थोरले उठतात. भारी वजन घेतले तर थोरले पहिल्यापासून हजर. पण हलके वजन घेऊन धाकटे पार दमेपर्यंत काम चालवले, तर अखेर थोरल्यांना उठावेच लागते. दुसरी गोष्ट, पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढते ते बहुतांशी मज्जातंतूंच्या सरावाने. स्नायूची जाडी मागून येते. महिन्याभरात दंड फुगला नाही म्हणून जिम सोडणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

२०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात हे पडताळून पाहिले गेले. व्यायाम तोच डीलॉर्मचा, गुडघा सरळ करण्याचा; स्नायू तोच, मांडीचा. कमाल वजनाच्या ऐंशी टक्क्यांनी तीन फेऱ्या आणि अवघ्या तीस टक्क्यांनी तीन फेऱ्या, दोन्ही आणखी एक उचल अशक्य होईपर्यंत. दहा आठवड्यांनी स्नायूची वाढ दोहोंत सारखीच आढळली. कमाल बळ मात्र भारी वजन उचलणाऱ्या पायांत अधिक वाढले. म्हणजे बळाविषयी डीलॉर्म खरा ठरला. आकाराविषयी त्याची रेघ जरा जास्तच ठळक होती. वासरू हवेच, पण ते कितीही किलोचे चालते, तुम्ही दमेपर्यंत त्याला सोडीत नसाल तर. फेऱ्यांच्या बाबतीत, २०१७ मध्ये पूर्वीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात एका स्नायूला आठवड्यात दहा वा अधिक फेऱ्या घडल्या तर वाढ जास्त होते असे दिसले. आठवड्यात तीन दिवस तीन-तीन फेऱ्या धरल्या तर नऊ होतात. सोयीने आलेला जुना आकडा अगदीच वाया गेला नव्हता म्हणायचा.

आता एक प्रयोग मी मुद्दाम मागे ठेवला आहे. कारण या सभेत माझ्यासारखे केस पिकलेले बरेच आहेत, आणि त्यांना वाटत असेल की हे सारे विशीतल्या पोरांचे. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात दहा जणांनी या व्यायामासाठी नावे दिली. वय शहाऐंशी ते शहाण्णव. अशक्त, संधिवात, हृदयविकार, हाडे मोडून झालेली, अशी ही मंडळी. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना व्यायाम दिला तो तोच : बसून गुडघा सरळ करणे. पहिल्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या कमाल वजनाच्या निम्मे, पुढे ऐंशी टक्के. आठ उचली, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. एकाने मध्येच सोडले. उरलेल्या नऊ जणांचे मांडीचे बळ सरासरी एकशे चौऱ्याहत्तर टक्क्यांनी वाढले, म्हणजे पावणेतीनपट झाले. आणि मांडीचा स्नायूही सुमारे नऊ टक्क्यांनी भरला. दोघांनी चालताना काठी सोडली. तिघांना खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता येत नव्हते. त्यांपैकी एक उठू लागला.

प्रयोग संपल्यावर व्यायाम थांबला. चार आठवड्यांनी पुन्हा माप घेतले, तेव्हा मिळवलेल्या कमाल बळातले बत्तीस टक्के गेलेले होते.